अंबादास गजभारे आणि तिसरी प्रत

अंबादास गजभारेशी ज्याचं भांडण झालेलं नाही असा माणूस चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत शोधून सापडायचा नाही. वॉचमन, कँटीनवाला, लिफ्टवाला, वसाहतीचा सेक्रेटरी, सगळ्यांशी त्याचं एकदा तरी वाजलेलं. जन्म घाटकोपरच्या टेकडीवर. बाप जालन्याकडून आलेला, खाणीत दगड फोडायचा. पोराने आयटीआय केलं, झेरॉक्सची मशीनं दुरुस्त केली आणि मग मांडीवर डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचत वाचत सर्व्हर सांभाळण्यापर्यंत मजल मारली. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवयही लागली नाही. चोपन्नाव्या वर्षीसुद्धा त्याच्या मशीनवर कुणी चहाचा कप ठेवला तर कप खिडकीतून बाहेर जायचा, चहासकट.

खोबरेकर डॉक्युमेंट्समध्ये तो एकवीस वर्षं होता. जुने कागद स्कॅन करून साठवून ठेवायचे, हा धंदा. चंद्रप्रकाश खोबरेकरांनी तो उभा केला आणि ते त्याला अंबादासराव म्हणायचे. ते गेले, आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत हर्षद आणि सौरभ या त्यांच्या दोन मुलांचं फाटलं. गल्लीच्या अलीकडचा गाळा हर्षदने धरला, पलीकडच्या इमारतीतला सौरभने. धंदा तोडता येईना, कारण गिऱ्हाइकं सामायिक. मग भावांनी असा तोडगा काढला की दुश्मनालाही सुचू नये. प्रत्येक पानाच्या तीन प्रती. दोन हर्षदकडच्या दोन मशीनवर, तिसरी सौरभच्या गाळ्यातल्या मशीनवर, त्याच्या कुलपात. आणि तिसऱ्या मशीनने ‘मिळालं’ म्हटल्याशिवाय पान सेव्ह झालं असं धरायचं नाही. एकाने दुसऱ्याच्या नकळत पान लपवू नये म्हणून ही राखण.

गल्लीवरून केबल टाकली होती, ती एका टेम्पोने तोडली. तेव्हा अंबादासने दोन्ही गच्च्यांवर वायरलेसचं एकेक डबडं बसवलं, समोरासमोर. तीन वर्षं ती बिनतक्रार चालली. त्या डबड्यांचा त्याला अभिमान होता.

तोवर काम होतं नकाशांचं आणि जाड रजिस्टरांचं. एकेक फाइल दांडगी. दिवाळीनंतर एका इस्पितळाचे जुने केसपेपर आले. आता प्रत्येक पान म्हणजे वेगळी, चिमुकली फाइल. अकरा बायका स्कॅनरवर बसायच्या. पान ठेवायचं, बटण दाबायचं, आणि मग पडद्यावर ते गोल चाक फिरत राहायचं. दिवसाचं काम निम्म्यावर आलं.

हर्षदने अंबादासला बोलावलं, आणि त्याच्यादेखत गावच्या गणपतीचा दोन जीबीचा व्हिडिओ सर्व्हरवर टाकला. मिनिटभरात गेला.

“बघितलंस? मशीन झकास आहे. बायका चकाट्या पिटतात. रुचिरा, नावं काढ.”

रुचिरा सुपरवायझर. तिच्याकडे तक्ता होता, तासाला किती पानं कुणी केली त्याचा. तिने तळातली पाच नावं काढली. शनिवार शेवटचा दिवस, असं ठरलं. त्यात एक नाव सुलक्षणाचं. कणकवलीकडची, सासरा गिरणीत होता, नवरा अंथरुणाला खिळलेला. घरात कमावणारी ती एकटी.

अंबादासचं आणि सुलक्षणाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती कॉम्प्युटरच्या प्लगला मोबाइल लावायची, तो उपटून फेकायचा. बायका कामचुकार आहेत हे हर्षदचं म्हणणं त्याला पहिले दोन दिवस मनापासून पटलं होतं. तरी मशीनवर आळ आला म्हटल्यावर त्याने हात घातला. डिस्का तपासल्या. स्विच बदलला. एकाच फोल्डरमध्ये लाखभर पानं कोंबली होती, ती लहान लहान फोल्डरांत वाटली. चाक पाच सेकंद फिरायचं ते चार सेकंद फिरू लागलं. एवढ्यावर कोण समाधान मानणार?

बुधवारी तो स्टूल घेऊन सुलक्षणाच्या शेजारी बसला, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच.

“आता पहारा पण?” ती म्हणाली. “माका काय हौस आसा चाकाकडे बघीत बसूची? नावं काढलीत, आता तमाशा बघायला आलात!”

“तोंड बंद ठेवा आणि पानं लावा.”

तिने रागारागाने पन्नास पानं लावली. प्रत्येक पानाला तिचा हात तीन सेकंद, चाक चार सेकंद. हाताला विश्रांती नव्हती. चाक फिरत असताना तिने पुढचं पान सरळ करून ठेवलेलं असायचं. अंबादासने आकडे दोनदा तपासले. बाई खरी होती. हे कबूल करणं त्याच्या जिवावर आलं. तो स्टूल उचलून निघून गेला, आणि तिला वाटलं, हा आता आपल्याविरुद्ध लिहून देणार.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने शंभर कोऱ्या, चिमुकल्या फाइली लिहून पाहिल्या आणि कुठलं मशीन किती वेळात उत्तर देतं ते मोजलं. अलीकडची दोन मशीनं पापणी लवायच्या आत हो म्हणत होती. पलीकडचं घोळ घालत होतं. शिवाय एका पानासाठी एकच खेप नव्हती. या नावाचं पान आधीच आहे का, हे विचारायला एक खेप. नाव अडवून धरायला दुसरी. पान बनवायला, लिहायला, मोकळं करायला आणखी. प्रत्येक खेप गल्ली ओलांडून, आणि गल्लीत आता गाळ्यागाळ्याचं वायफाय बोंबलत होतं, त्या गलक्यात डबड्यांची हाक अडखळत होती. दांडग्या फाइलीला याच खेपा एकदाच पडायच्या, म्हणून ती सुळकन गेल्यासारखी वाटायची. वसाहतीच्या गेटवर ट्रकभर मालाची एकदाच नोंद होते. तोच माल पुडी पुडी करून नेला तर दर पुडीला वॉचमन वही उघडणार.

म्हणजे दोष त्याच्याच डबड्यांत होता. आठ दिवस आपण बायकांना शिव्या घातल्या, डिस्कांना घातल्या, गच्चीवर मात्र एकदाही गेलो नाही. अंबादासला स्वतःचीच भयंकर चीड आली. पण डबड्यांपेक्षा मोठा दोष त्या वाट बघायच्या अटीत होता, आणि ती भावांची होती.

तो आधी सौरभकडे गेला. म्हणाला, तिसरी प्रत दर तासाला, गठ्ठ्याने पाठवू. पानं सगळी मिळतील, नुसती तासभर उशिरा.

“गजभारेसाहेब,” सौरभ गोड आवाजात म्हणाला, “त्या तासाभरात माझा भाऊ काय काय करेल, तुम्ही सांगाल का?”

मग हर्षदकडे. हर्षदचे डोळे चमकले.

“म्हणजे सौरभच्या मशीनमुळे वाट लागली! लेखी दे. आत्ता दे.”

“त्याच्या मशीनमुळे नाही. तुम्हा दोघांच्या अटीमुळे.”

“दोघांच्या म्हणू नकोस. त्याचं नाव लिही, बायका राहतील.”

सोपं होतं. एक खोटी ओळ, आणि पाच जणींची नोकरी वाचत होती. अंबादासने ती लिहिली नाही. बायकांवर त्याचं प्रेम नव्हतंच, पण मोजून काढलेल्या गोष्टीत कुणी खोटं मिसळलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो म्हणाला, “खोटं लिहायला दुसरा माणूस ठेवा,” आणि दार आपटून बाहेर आला.

शनिवारी सकाळी दहा वाजता, कुणालाही न विचारता, त्याने अलीकडूनच तिसरं मशीन जोडणीतून काढलं आणि त्याच्या ‘मिळालं’ची वाट बघणं बंद केलं.

दोन मिनिटांत सुलक्षणाने आरोळी ठोकली. “अहो, बिघडलं! चाकच येत नाही! पान जातंय की हवेत चाललंय?”

“जातंय. लावत राहा.”

“खोटं बोलताय.”

“लावा म्हणतो ना!”

बायका बिचकत लावू लागल्या, मग सरावल्या. अकरा वाजता रुचिराने तक्ता पाहिला, पुन्हा पाहिला, आणि कुणी न सांगताच दोन्ही भावांना फोन केला. दोघं आले आणि दारात एकमेकांपासून चार हात लांब उभे राहिले. अंबादासने तक्ता त्यांच्यासमोर टेबलावर टाकला. काढायच्या पाच जणींनी तासाभरात कालच्या दुप्पट पानं केली होती, सुलक्षणाने त्याहून जास्त.

“तिसरं मशीन तासभर बंद आहे,” तो म्हणाला. “बायका त्याच आहेत. हात तेच आहेत. आता कुणाला काढायचं ते काढा.”

हर्षदला त्या तक्त्यापुढे यादी पुढे रेटता येईना आणि सौरभला अट. रुचिराने पाच नावांवर रेघ मारली. तिसरी प्रत तासाने पाठवायचं ठरलं. अंबादासने दुपारपर्यंत ते चालू करून दाखवलं, सकाळची राहिलेली पानं पलीकडे पोचवली आणि एकूण एक मोजून जुळवली. एकही पान कमी नव्हतं.

चार वाजता रुचिराने त्याच्या हातात पाकीट दिलं. मालकांच्या परवानगीवाचून प्रत बंद केली, हा विश्वासघात आहे, सबब आजपासून कामावरून कमी. खाली दोन सह्या. वडील गेल्यापासून या दोघांनी एका कागदावर सही केली नव्हती. गाळ्याला रंग द्यायचा तरी कागद दोन निघायचे.

सुलक्षणा पुढे आली. तिने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला आणि वाचला.

“आमच्यापायी?”

“तुमच्यापायी कशाला? तुमच्यासाठी काही केलेलं नाही मी. जागेवर जा.”

ती गेली नाही. आभारही मानले नाहीत. अंबादासने मनातल्या मनात राग शोधला. आयुष्यभर तो हाकेला धावून आला होता, आज आला नाही. एकवीस वर्षांनी या जागेतून निघायचं, याचं त्याला नुसतं वाईट वाटलं, आणि ते चारचौघांत वाटतंय याची लाज वाटली.

रुचिरा घुटमळत उभीच होती. “सगळ्या मशीनचा पासवर्ड लिहून द्यायचाय. हर्षदसर म्हणाले, फक्त त्यांच्याकडे द्या, सौरभसरांना कळू देऊ नका.”

“आणि सौरभ?”

रुचिराने मान खाली घातली. “त्यांनी पण तेच सांगितलंय. हर्षदसरांना नको म्हणाले.”

अंबादासने तिच्या वहीतून एक पान फाडलं, पासवर्ड लिहिला आणि तिच्या हातात ठेवला.

“पासवर्ड एकच आहे,” तो म्हणाला. “मधोमध फाड, आणि दोघांना अर्धा अर्धा दे.”