नळकाकांना न सापडलेला बिघाड

चाळीस वर्षं नळ दुरुस्त करून नळकाकांना घराघरातल्या पाण्याची नस ठाऊक झाली होती. त्या सकाळी ते गालाला साबण फासून दाढीला बसले होते, तोच दार वाजलं. दारात कोपऱ्यावरच्या खोलीत एकटा राहणारा पठ्ठ्या उभा होता. परवाच त्याच्या अंगात अचानक अचाट ताकद आली होती आणि त्याने कोसळता पूल एका हाताने सावरला होता. आज त्याच्या मुठीत पितळेचा चुरगळलेला गोळा होता.

“काका, हा माझा नळ. परवापासून घोटभर पाणी पोटात गेलेलं नाही.”

“वॉशर गेला असेल,” काका सवयीने म्हणाले.

“उघडायला गेलो की नळ मुळासकट उपटून येतो. पेला उचलला की त्याचा चुरा होतो.”

“मग पाइपलाच तोंड लावायचं.”

“लावलं. एका दमात गच्चीवरची टाकी रिकामी झाली. सगळं पाणी नाकातून उडालं आणि शेजारी भांडायला आले.”

काका चक्रावले. पान्हा काढावा की डॉक्टरला बोलवावं, त्यांना काही सुचेना.

“पूल सांभाळतोस आणि साधा पेला सांभाळता येत नाही होय रे?” काकू आतून म्हणाल्या.

तो खाली मान घालून म्हणाला, “काका, दुरुस्तीचं राहू द्या. पेला तुम्ही धरा आणि माझ्या तोंडात वरून हळूहळू पाणी ओता.”