फाट्यावर न दाखवलेला हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. ह्यांना नाही, माहेरीही नाही. तुला सांगते, कारण तू मधेच बोलणार नाहीस.

आमच्या गावावरून दरवर्षी सायकलींची शर्यत जाते. सकाळी अकोल्याहून निघायचं, बाळापूर रोडनं यायचं, आमच्या फाट्यावर डावीकडे वळून गावातून परत अकोला. पहिल्याच वर्षी फाट्यावर रस्ता दाखवणाऱ्याला ताप आला. मी तिथंच वांगी विकायला बसते, म्हणून आदल्या दिवशी हे म्हणाले, "तू फक्त डावीकडं हात दाखव. बोलाचं काई काम नाई."

सोपंच होतं, नाही का? पण मी कशी आहे — सासऱ्यांसमोर अजून शिंकसुद्धा दाबते. आणि त्या माणसांनी घातलं काय होतं? अंगाला चिकटलेल्या, अर्ध्या मांडीपर्यंतच्या चड्ड्या!

सगळ्यांत पुढे ह्यांचे परगावचे चुलतभाऊ, सुधाकर भाऊजी. एरवी त्यांच्यासमोर मी मान खाली घालते. त्या दिवशी तीही सोय नव्हती. मी वांग्यांकडे तोंड केलं. आणि हात — हात पदरातच राहिला.

भाऊजींना सायकलच्या वेगात आमचा फाटा कळलाच नाही; ते सरळ निघून गेले, थेट बाळापूरच्या किल्ल्यापर्यंत. मागून हे आले. स्वतःच्या घराचा रस्ता कोणाला दाखवावा लागतो? बाकीचे ह्यांच्या मागं वळले. पहिला नंबर ह्यांचा. कप अजून टीव्हीवर आहे.

संध्याकाळी विचारणा झाली. मी म्हटलं, हात दाखवला होता. सासूबाई म्हणाल्या, "थे गाय हाय गाय. थे काय खोटं बोलते?" झालं.

भाऊजी पुन्हा शर्यतीत उतरले नाहीत. पण दरवर्षी माईकवर शर्यतीचा इतिहास सांगतात, त्यात ते बाळापूरला जातातच. लोक पोट धरून हसतात. मीही हसते — पदर तोंडाला लावून.

यंदा ओट्यावर चहा पिताना ते म्हणाले, "वयनी, मले तुमचा हात दिसलाच नाई. काहून दिसला नसन?"

तेव्हा बोलायचं होतं. ओठांवर आलं होतं — आलं होतं का खरंच? मी म्हटलं, "तुमचं ध्यान नसन, भाऊजी."

पुढच्या आठवड्यात ते अकोल्याला जाऊन डोळे तपासून आले. ठणठणीत निघाले. ह्यांना सांगत होते, "डोये चांगले हायेत. म्हणजे डोकंच कच्चं हाय माह्यं."

मी आत भाकरी थापत होते. सगळं ऐकू येत होतं. मी भाकरी उलटली.