कोपरे नसलेलं चर्च

तिबुर्त्सियो गवंड्यानं उमेदीची वर्षं रोममध्ये काढली. तिथं तेव्हा लंबगोल चर्चं बांधायची टूम निघाली होती आणि या पठ्ठ्याला त्या आकारानं वेडच लावलं. दोन खुंट्या ठोकायच्या, त्यांना सैल दोर बांधायचा, काठीनं तो ताणत फिरायचं, की जमिनीवर रेघ उमटलीच!

तो रोममध्ये असतानाच इकडे गावी त्याची चिमुरडी चेचिलिया तापानं गेली. बायकोनं, ओर्सोलानं, एकटीनं तिला मूठमाती दिली. गावाच्या चौकोनी चर्चमध्ये श्रीमंतांचे मुडदे वेदीपाशी पुरत, गरिबांची पोरं दाराजवळच्या कोपऱ्यात, चेचिलियाही तिथंच. त्यावर ना दगड, ना नाव.

पुढे चर्चचं छप्पर कोसळलं. गावी परतलेल्या तिबुर्त्सियोनं पाद्री ओनोफ्रियोंच्या मागे लकडाच लावला, की आता लंबगोलच बांधू, कोपऱ्यात अंधारात कुणी उरणार नाही, सगळ्यांना वेदी दिसेल. गाव खूश झालं. जुन्या भिंती उतरल्या, त्यानं दोर फिरवला, आणि दाराजवळचा तो कोपरा रेघेबाहेर, थेट रस्त्यात गेला. रोज रेघा मारणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? पण नाही सुचलं.

ओर्सोला येऊन त्या जागेवर उभी राहिली. आकार वाढवायला जागा नव्हती, एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला कडा. पोरीला मी माझ्या हातानं आत आणतो, असा शब्द त्यानं तिला दिला.

पहाटे त्यानं एकट्यानं खणायला घेतलं. खाली पोरंच पोरं होती हो, एकावर एक, सगळ्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली. यातली आपली कुठली? तो ढसाढसा रडला. मग एका लहानशा गळ्यापाशी त्याला पोवळं दिसलं. नजर लागू नये म्हणून गावातल्या झाडून सगळ्या लेकरांच्या गळ्यात पोवळं असायचं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? तरी त्यानं तेवढीच हाडं फडक्यात बांधली आणि ओर्सोलाला सांगितलं, ही आपली चेचिलिया, पोवळ्यावरून ओळखली. ओर्सोलानं पोवळं हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि परत फडक्यात ठेवलं. बाकीची हाडं दफनभूमीतल्या खड्ड्यात गेली.

चर्च उभं राहिलं, देखणं झालं. घुमटाखाली जिथं ते गाठोडं पुरलं होतं, तिथं ओर्सोला दर रविवारी गुडघे टेकायची. आसपासच्या गावांतूनही तिबुर्त्सियोला बोलावणी आली. तो जायचा, लंबगोल आखायचा, पण खुंटी ठोकण्याआधी विचारायचा, कोपऱ्यात कुणाकुणाची माणसं आहेत? लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला चळ लागला.

ओर्सोलाचा शेवट जवळ आला तेव्हा तिनं चोळीतून दोऱ्यात ओवलेलं पोवळं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"पुरायच्या आधी मी हे चेचिलियाच्या गळ्यातनं काढून घेतलं होतं," ती म्हणाली. "पुढच्या बाळाला होईल म्हणून."

पुढचं बाळ काही झालंच नाही. तिबुर्त्सियोला तोंड वर करवेना.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर तुम्ही पुन्हा खणायला गेला असता."