गुडघ्यामागची गाठ

संधिवाताने मला चाळिशीच्या आतच धरलं. आधी बोटांची पेरं, मग मनगटं, मग गुडघे. मी शिलाईचं काम करते. मसुऱ्यात रस्त्याला लागूनच आमचं घर, आणि पडवीत माझी मशीन. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नाही. सुईत दोरा ओवायला दहा वाजावे लागतात. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी विचारलं तर मी "बरं आहे" म्हणायचे आणि ते खोटं बोलल्यासारखंही वाटायचं नाही.

कुडाळला महिन्यातून एकदा सांध्यांचे डॉक्टर येतात. त्यांनी दिलेली मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मी ती रविवारी जेवणानंतर घ्यायचे. सोमवारी दुपारपर्यंत मळमळ, तोंडाला चव नाही, डोकं जड. म्हणजे सोमवार गेलाच. सांधे दुखतात त्याची सवय होते, पण दर आठवड्याला आपल्या हाताने आपला एक दिवस खराब करायचा, याचा मला फार कंटाळा आला होता.

गेल्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख लागली आणि पडवीत ब्लाउजच्या कापडांचा ढीग पडला. मुंबईहून जत्रेला येणाऱ्या सगळ्याजणींना आधी शिवून हवे होते. एका रविवारी मी गोळी घेतली नाही. सोमवारी अंग हलकं होतं, दिवसभर काम झालं. पुढच्या रविवारीही नाही घेतली. असे सहा-सात रविवार गेले. विचारणारं कोणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन रेडीला, आणि नवरा मालवणच्या ट्रॉलरवर खलाशांचा म्होरक्या, तांडेल, एकदा गेला की आठ-आठ दिवस समुद्रात.

जत्रा झाली आणि उजवा गुडघा सुजला. चार दिवसांनी त्याच्या मागच्या खळग्यात लिंबाएवढी गाठ हाताला लागली. पाय सरळ केला की टणक, वाकवला की मऊ. माझ्या मनगटावर अशीच एक वाटाण्याएवढी गाठ होती. ती सांध्यातल्या पाण्याची, तिला छेडू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यामुळे मी घाबरले नाही. पण ही दुखायची. मशीनच्या पायट्यावर पाय दाबला की मागून कोणी अंगठा रोवल्यासारखं व्हायचं. पायरी उतरताना भिंत धरावी लागे.

आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात माझी मोठी जाऊ राहते. भावोजी गेल्यापासून एकटीच. आमच्या चुली वेगळ्या, आणि बोलणं कामापुरतं. त्याचं कारण आमची सासू. सासू शेवटची तीन वर्षं अंथरुणात होती आणि तिचं सगळं जावेने केलं. मी मशीनवर. "हिका मशीन, माका म्हातारी," असं ती गावात सांगायची. ते खरं होतं, म्हणून मला जास्त लागायचं.

पण तिच्या हाताला गुण आहे, हे मीही मानायचे. मसुऱ्यात कुठे बाळ जन्मलं की अंघोळीला आणि तेल लावायला तिलाच बोलावतात. मी लंगडत विहिरीवर गेले तेव्हा तिने कळशी माझ्या हातातून घेतली.

"काय झाला गो पायाक?"

मी गाठ दाखवली. तिने दोन बोटांनी दाबून पाहिली.

"शीर आखडली आसतली. तेल लावून जिरवतंय. संध्याकाळी ये."

डॉक्टरांनी छेडू नका म्हटलेलं मला आठवत होतं. पण कितीतरी वर्षांनी तिने मला तिच्या अर्ध्यात बोलावलं होतं, आणि मी इतकी थकले होते की कोणीतरी पाय हातात घेईल, एवढ्यानेच मला बरं वाटलं. मी गेले.

दोन संध्याकाळी तिने निरगुडीचं कोमट तेल लावलं. तिसऱ्या दिवशी ती जरा जोर करून अंगठ्याने गाठ खाली सारत होती. "वयनी, जरा हळू," मी म्हटलं, आणि तेवढ्यात आत काहीतरी सुटलं. पोटरीत कढत पाणी उतरत गेल्यासारखं वाटलं. मी ओरडले. तिने हात झटकन मागे घेतले. गाठ जागेवर नव्हती.

"जिरली," ती म्हणाली, पण तिचा आवाज तसा नव्हता.

सकाळी पोटरी दुधी भोपळ्यासारखी तटतटली होती. घोट्याजवळ काळंनिळं. जावेनेच रिक्षा आणली आणि मला मालवणला नेलं. तिथले डॉक्टर पाय बघून म्हणाले, "शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती नाही ना, हे आधी बघायला हवं. आत्ताच सोनोग्राफी करा." गुठळी फुप्फुसात गेली तर काय होतं, तेही त्यांनी सांगितलं. सोनोग्राफीला नंबर लागेपर्यंत दोन तास बसलो. जाऊ माझी चप्पल हातात धरून बसली होती.

गुठळी नव्हती. गाठ फुटून आतलं पाणी पोटरीत पसरलं होतं. पाय उंचावर ठेवा, बर्फाने शेका, आणि तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून त्यांनी सोडलं.

त्याच आठवड्यात कुडाळला गेलो. जाऊ बाहेर बाकावर बसली, मी आत. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "गोळ्या केव्हापासून बंद आहेत?"

मी खाली बघत सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "हे बघा," ते म्हणाले, "गाठ हा वेगळा आजार नाही. गुडघा आतून सुजतो, पाणी सोडतो, ते मागे जाऊन साठतं. गोळी बंद केलीत, सूज वाढली, गाठ भरली. इतकी भरली होती की कधीतरी फुटलीच असती. पायरी चढतानाही."

"तेल लावलं होतं," मी म्हटलं.

"चोळायला नको होतं. पण त्याने झालं असं मी म्हणणार नाही."

त्यांनी गुडघ्यातलं पाणी सुईने काढलं, इंजेक्शन दिलं, गोळी पुन्हा सुरू केली. मी बाहेर आले. जाऊ उभी राहिली.

"काय म्हणालो डॉक्टर?"

"गाठ फुटली म्हणाले."

"माज्या हातान?"

मी पाय फार दुखतोय असं दाखवून खाली बघत चालू लागले. पाय दुखत होता, ते खरं होतं. पण उत्तर न द्यायला तेवढं कारण पुरेसं नव्हतं.

त्यानंतर सहा आठवडे जावेने माझं सगळं केलं. सकाळी माझ्या सुजलेल्या बोटांसाठी गरम पाण्याचं भांडं, मग पेज, मग केस विंचरून देणं. माझ्या ब्लाउजची हुकं ती लावायची. अर्धवट राहिलेल्या कपड्यांना काजं-बटणं करायची. नवरा समुद्रावरून आला तेव्हा तिला म्हणाला, "वयनी, तुमी किती करतास!" ती म्हणाली, "माकाच करूक व्हया." मी पलंगावर पडून ऐकत होते. सांगायचं म्हणून रोज ठरवायचे आणि रोज वाटायचं, उद्या. मला ती सेवा हवी होती. इतक्या वर्षांत माझं कोणी असं केलं नव्हतं, आणि खरं सांगितलं तर ती उठून आपल्या अर्ध्यात जाईल अशी भीती होती.

मग एक दिवस शेजारच्या वाडीतली एक बाई आली. तिच्या सुनेला मुलगी झाली होती. बाराव्या दिवसापासून तेल लावायला ये, असं ती जावेला सांगत होती.

"दुसरी कोण तरी बघ," जाऊ म्हणाली. "माजो हात आता बरो नाय."

"असा काय बोलतंस? माज्या झिलाक, ह्या बाळाच्या बापाशीक, तूच न्हाणवलंस!"

"तेवा बरो होतो."

बाई गेली. जाऊ तांदूळ निवडायला बसली. मी भिंत धरून उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"वयनी," मी म्हटलं, "तुमच्या हाताचा काय नाय. मळमळता म्हणून मी गोळी बंद केली होती. दोन महिने. डॉक्टर म्हणाले, त्याच्यामुळेच गाठ भरली. फुटलीच असती."

तिने सूप खाली ठेवलं. "ह्या तुका कधी सांगला तेनी?"

"त्याच दिवशी."

"मगे माका कित्याक नाय सांगलंस?"

मी म्हटलं, "तुमी येवचा बंद केला आसता म्हणान."

ती उठली आणि गेली. दुसऱ्या दिवशी गरम पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तोंडाने टोपण उघडून गोळ्या काढल्या, हुकाच्या ब्लाउजऐवजी नवऱ्याचा शर्ट घातला. पाचव्या दिवशी ती हातात तेलाची बाटली घेऊन अंगणातून जाताना दिसली, शेजारच्या वाडीकडे. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

आठवड्याने मात्र ती दारात येऊन उभी राहिली. "तुजो कुडाळचो नंबर मंगळवारी ना? मी येतंय. ह्या खेपेक मी आत येतलंय."

आणि ती आत आलीच. डॉक्टरांना तिने आपणहून सांगितलं, "डॉक्टर, ही गोळी चुकवते. मळमळतं म्हणून." ऑफिसात बोलावं तसं शुद्ध बोलली. डॉक्टरांनी गोळीऐवजी इंजेक्शन लिहून दिलं, आठवड्यातून एकदाच, पोटावर टोचायचं. मळमळ कमी होईल, जाणार नाही, असंही सांगितलं. माझी बोटं सिरिंज धरत नाहीत. नर्सने ते जावेला शिकवलं.

आता वर्ष होत आलं. मशीनला मोटर लावून घेतली आहे, तीही डाव्या पायाने चालवते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. गुडघ्यामागे पुन्हा थोडं भरलं आहे, सुपारीएवढं. डॉक्टर म्हणतात, राहू दे, वाढलं तर बघू. मनगटावरची गाठ आहे तिथेच आहे.

परवा कुडाळहून परतताना एसटीत बसायला जागा मिळाली, तेवढं बरं झालं. जाऊ खिडकीशी बसली होती, डोळे मिटून. मला वाटलं झोपली.

"कंटाळलंस?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"होय," मी म्हटलं.

"मीय," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवून तिने मला पाय लांब करायला जागा करून दिली.