पाण्याच्या पाळ्या आणि बाभळीचं राज्य

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. बाकीच्यांना शेतात कामं असतात, एवढंच.

प्रकाशा गावाजवळ तापीवरून आमची एक सामाईक पाइपलाइन येते. तिच्यावर थोरल्या भावाची केळी, चुलतभावाची पपई आणि माझी, म्हणजे खरं तर बायकोची, मिरची. गेल्या वर्षी मिरचीची रोपं लावून झाली आणि पावसाने ओढ दिली. विजेचाही भरवसा नव्हता. तेव्हा पाण्याच्या पाळ्या ठरवायला एक माणूस नेमायचा आणि व्हॉल्व्हची किल्ली त्याच्याकडे द्यायची, असं ठरलं.

बैठक केळीच्या बांधावर बसली. भाऊ म्हणाला, "मी नही. मन्हा केयीकडे कोण देखी?"

चुलतभाऊ म्हणाला, "पपई सोडीसन मी तुमना शिव्या खाऊ का?"

मला लगेच गोष्ट सुचली. झाडांना एकदा राजा हवा झाला. ती आंब्याकडे गेली. आंबा म्हणाला, मी दरबारात बसलो तर तुम्ही लोणचं कशाचं घालाल? मोहाकडे गेली. मोह म्हणाला, माझी फुलं वेचायला डोंगरातली घरंच्या घरं येतात, त्यांना सोडून तुम्हाला कुठे हुकूम देत बसू? शेवटी झाडं बाभळीकडे गेली. बाभूळ विचारण्याआधीच हो म्हणाली. वर म्हणाली, या माझ्या सावलीत बसा, नाहीतर सगळ्यांना जाळून टाकीन.

"कामाची माणसं मागे सरली, की काटे गादीवर बसतात," असं मी वर तात्पर्यही जोडलं.

"बरी शे गोष्ट," भाऊ म्हणाला. "मंग किल्ली तूच ले."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात पुढे झाला होता. दोघं हसले. मीही हसलो, कशाला हसतायत ते मला जरा उशिरा कळलं.

राजा झाल्यावर मी पहिलं काम न्यायाचं केलं. माझ्या वावराला शेवटची पाळी लावली. राज्यकर्त्याने स्वतःचं शेवटी बघावं, असं छोटं भाषणही केलं. भावांनी ते फार मन लावून ऐकलं. त्यांच्या पाळ्या आधी होत्या.

चौथ्या दिवशी बायकोने मला वावरात नेऊन रोपं दाखवली. माना टाकलेली.

"तुमना न्याय पाणीमा कालाईसन यासले पाजू का?" ती म्हणाली.

त्या दुपारी मी भावाच्या पाळीत व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी मिरचीकडे वळवलं. अर्ध्या ओळी भिजल्या असतील नसतील, तोच भाऊ येऊन उभा राहिला. मागे चुलतभाऊ. मी चिखलात, हातात किल्ली.

मी राजीनामा दिला. किल्ली बांधावर ठेवली. कोणीच उचलेना.

"ऱ्हाऊ दे याकडेच," चुलतभाऊ म्हणाला. "नवा माणूस चोरी करी ते आपले कळाऊ नही. हाऊ लगेच सापडस."

एवढ्यात बायको पदर डोक्यावर घेऊन पुढे आली. आमच्याकडे बायका जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाहीत. भाऊ तिच्यापासून चार हातांवर होता, तरी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमना भाऊले सांगा, केयी दोन दिन तग धरी. मन्ही रोपं नही धराऊत."

मी भावाला सांगितलं. त्याने ते आधीच ऐकलेलं होतं. तोही माझ्याकडे बघून म्हणाला, "तिले सांग, दोन दिन ली ले. तिसरा दिन मन्हा."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यासले सांगा, आज धरीसन तीन."

असं त्या दोघांचं माझ्या तोंडून ठरत गेलं, आणि सगळ्या पाळ्या नव्याने लागल्या. त्या बैठकीचा अध्यक्ष मीच होतो.

निम्म्या ओळी वाचल्या. गेल्या त्या ओळींत बायकोने पुन्हा रोपं लावली. खड्डे करायचं काम तिने अध्यक्षांना दिलं.