मोगरा छाटताना सापडलेली आईची खूण

मैत्रिणींनो, आज अंगणातला मोगरा छाटायचा होता. दरवर्षी आई समोर उभी राहून छाटून घ्यायची. मी कुरकुरायचे, "अगं, किती कापतेस?" ती म्हणायची, "आता कापला नाही, तर चैत्रात फुलं नाहीत."

आई दिवाळीत गेली. माळीदादांच्या हातात कात्री पाहून मी म्हटलं, "यंदा राहू द्या."

त्यांनी फांदीला बांधलेली चिंधी दाखवली. "ताई, आईंनी गेल्या वर्षीच खूण करून ठेवलीय. हितपर्यंतच कापायचं बघा."

मग मी अडवलं नाही.

आईच्या साडीची ती चिंधी हात लागताच विरली. आता नवी बांधायला हवी. कपाटात तिच्या साड्या आहेत, पण फाडायला हात धजत नाही. तुम्ही फाडली असती?