कागदावर अठरा, घरी साडेसोळा

अमळनेर स्टेशनवर सुरतेच्या पॅसेंजरची वाट बघत आम्ही उभे होतो. कमलताई, तू माझी वेणी तिसऱ्यांदा सोडून पुन्हा घालत होतीस आणि तुझे बाबा, म्हणजे आमचे मामा, माझा शाळेचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दुसऱ्या पिशवीत घालत होते. दहावीचा निकाल लागला होता. माझ्या बाबांची बदली बडोद्याला झाली होती, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपला. गाडी हलली तेव्हा आई रडत होती, तू रडत होतीस, आणि बाबा खिडकीतून डोकं काढून मामांना ओरडून विचारत होते, "दाखल्यावर शिक्का नीट उमटलाय ना?"

त्या दाखल्यावरची माझी जन्मतारीख खोटी होती हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. तू पहिलीत जायला लागलीस तेव्हा मी पाटी घेऊन तुझ्यामागे रडत आले, आणि पटावर मुली कमी होत्या म्हणून हेडमास्तरांनी मलाही बसवून घेतलं. वय बसेना, म्हणून त्यांनी ते बसवलं. मी दिवाळीतली, मला एक जूनची केली, तीही आदल्या वर्षीची. लेखणीच्या एका फटकाऱ्यात मी जवळजवळ दीड वर्षाने मोठी झाले.

दुसरा कुणी बाप असता तर हसून विसरला असता. आमचे बाबा फिटर होते. मापात सुताचा फरक चालत नाही, असा त्यांचा स्वभाव. एकदा लिहिलं की ते लिहिलं. मी साडेदहा वर्षांची असताना एसटीचा कंडक्टर मला अर्धं तिकीट देत होता, तर बाबा त्याच्याशी भांडले. "कागदावर बारा पूर्ण आहेत. पूर्ण फाडा." कंडक्टर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला होता, "दादा, ही तुमचीच ना?"

बडोद्यात पहिले काही महिने मी नुसती बघत राहिले. आपल्याकडे मुलगी लेडीज सायकलवरून गेली तर दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायचे. इथे माझ्याएवढ्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळून मोपेडवरून भुर्रकन जायच्या आणि कुणी मान वर करायचं नाही. आई भाजीला 'शाक' म्हणायला आठवड्यात शिकली. मी वर्गात गुजराती, मैत्रिणींत हिंदी आणि घरी मराठी बोलायला लागले, आणि स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात ते कळेनासं झालं. 'मजेत'च्या जागी तुला मी पत्रात लिहिलं होतं, 'इथे सगळं मजामां आहे.' तू उलटटपाली विचारलंस, 'मजामां कोण?'

अकरावीनंतर माझा क्लास लागला थेट समा या भागात. शहराचं एक टोक ते दुसरं टोक, दोन बसा. शेजारच्या हसुमतीबेनची मोपेड विकायची होती. मी वर्गात नागरिकशास्त्र घोकलेली मुलगी; चौकशी करून आले आणि बाबांसमोर उभी राहिले. "सोळा पूर्ण झाले की बिनगिअरच्या पन्नास सीसीचं लायसन्स मिळतं. पालकाची सही लागते."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सोळा कुठे? साडेचौदाची पोर आहे ती!"

मी दाखला पुढे केला. बाबा एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्या कागदाची बाजू घेतली तो आज त्यांच्याच अंगावर आला होता. शेवटी त्यांनी सही केली. त्यांचा चेहरा असा होता की जणू स्वतःच्याच बदलीवर सही करताहेत.

आरटीओतल्या खिडकीमागचा माणूस मला बघून म्हणाला, "आ छोकरी सोळनी लागती नथी."

बाबांनी छाती पुढे काढली आणि त्यांच्या खास गुजरातीत सांगितलं, "लागती नथी, पण कागद सांगते छे. कागद मारा नथी, सरकारचा छे."

तो माणूस बराच वेळ हसला आणि त्याने ठप्पा मारला.

मग मी हवेत होते. एकदा मागे दोन मैत्रिणी बसवून निघाले तर चौकात हवालदाराने हात केला. "उंमर केटली?" मी लायसन्स काढलं आणि सोळा वर्षं, पन्नास सीसी, पालकाची संमती, सगळा कायदा धडाधड म्हणून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बहु सरस. हवे त्रण सवारीनो कायदो बोलो." एका गाडीवर तिघी बसण्याचा धडा मी वाचलेला नव्हता. मैत्रिणी घरापर्यंत चालत आल्या आणि आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला लागले तो एक जून उजाडला आणि मी कागदावर अठरा वर्षांची झाले. आठवड्याभरात मामा हजर. बडोद्याजवळच्या करजणचं स्थळ घेऊन आले होते. माणसं मूळची आपल्याकडचीच, दोन पिढ्या करजणला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगा चोवीस वर्षांचा. "तिचे अठरा पूर्ण झालेत ना? मग कायद्याचीही अडचण नाही," मामा म्हणाले. बाबांची नजर दाखल्याच्या कपाटाकडे गेली. कागद त्यांना माहीत होता.

कमलताई, तुझं लग्न त्याच्या आदल्याच वर्षी झालं होतं. तुला काय वाटतं ते तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी नव्या ड्रेसच्या गडबडीत होते.

रविवारी पाहुणे आले. वडील, आई आणि मुलगा. मी चहा घेऊन गेले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "वय काय म्हणालात?"

"अठरा पूर्ण," बाबा म्हणाले.

"साडेसोळा," दारातून आई म्हणाली.

कप बशीवर वाजला. मामा घाईघाईने म्हणाले, "म्हणजे घरात तसं म्हणतात. कागदावर अठराच आहेत." बाबा उठले, कपाटातून दाखला काढून आणला आणि टीपॉयवर ठेवला. आई म्हणाली, "बाळंतपण कागदाला झालं होतं का मला?"

मी ट्रे खाली ठेवला. हवालदारासमोर जसा माझा आवाज फुटला होता तसाच फुटला. "काका, मी अठराची असेन तर माझी संमती लागते, आणि माझं 'नाही' आहे. मी साडेसोळाची असेन तर हे लग्नच कायद्यात बसत नाही. तुम्ही कुठलंही वय धरा."

मुलाच्या वडिलांनी बाबांकडे पाहिलं. "भाई, ही मुलगी आहे की वकील?"

आणि मग तो मुलगा, जो तोवर फक्त चिवड्यातले दाणे वेचत होता, म्हणाला, "पप्पा, बरोबर बोलतेय ती. चला." त्याचं नावही मला आता आठवत नाही. पण तो जिथे असेल तिथे सुखात असो. जाताना ते सगळे अगदी रीतीने "आवजो" म्हणून गेले.

मामा मात्र आईवर भडकले. "सुमन, शहरात आणून पोर हातची घालवलीस! अठरा काय, साडेसोळा काय, तुझं नाही झालं लग्न?"

आई कधी मामांपुढे बोललेली मी पाहिली नव्हती. तिने आधी पाहुण्यांचे कप ट्रेमध्ये गोळा केले. मग म्हणाली, "झालं ना, दादा. तेव्हाच्या कायद्याला पंधरा लागत होती, म्हणून तुम्ही सोळा सांगितलीत. मी तेरा वर्षांची होते. सातवीचं पुस्तक ट्रंकेत घालून सासरी आले होते. वाटलं होतं, परीक्षेला परत नेतील."

मामांनी मान खाली घातली. आणि बाबा, मापात सुताचाही फरक न चालणारे आमचे बाबा, खुर्चीत मागे टेकले. त्यांना हे माहीत नव्हतं. वीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे तू आता..." ते बोटांवर मोजायला लागले. "मी तर तुला तीन वर्षांनी मोठी धरत आलो."

"धरा आता कमी," आई म्हणाली. "चेहऱ्यावर दिसतंय का बघा."

मला आधी हसू आलं, आणि मग हसूच राहिलं नाही.

मामा दुपारच्या गाडीने गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर वर्षभर त्यांचं पत्र नव्हतं, ते तुला माहीतच आहे. संध्याकाळी पानं घ्यायच्या वेळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, "आज तुला काय खावंसं वाटतंय?"

आई पोळपाटावर लाटणं धरून तशीच थांबली. मग म्हणाली, "मला नाही माहीत. कुणी विचारलंच नव्हतं."

तिने खूप वेळ विचार केला. बाबा उभेच. शेवटी ती म्हणाली, "श्रीखंड. पाहुण्यांसाठी आणलेलं. आणि मी आधी बसणार, तुम्ही वाढा." बाबांनी वाढलं. अर्धं ताटात, अर्धं ताटाबाहेर.

आता बाबा नाहीत. आई माझ्याकडे समाला असते आणि सोसायटीतल्या बायकांना स्वतःचं खरं वय न चुकता सांगते, कुणी विचारलं नाही तरी. मी माझ्या निवडीने, माझ्या वेळेला लग्न केलं. माझं मराठी ऐकून तुम्ही अमळनेरचे लोक हसता, इथले लोक माझं गुजराती ऐकून हसतात, आणि लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुझं घर कुठलं गं आता, अमळनेर की बडोदं?" मी तेव्हा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर सांगायचं तर त्या रविवारी मी एवढ्या माणसांत 'नाही' म्हटलं, आणि संध्याकाळी माझंही पान नेहमीच्या जागी मांडलेलं होतं. त्या दिवसापासून बडोदं माझं घर झालं.

ताई, तू एकदा ये. पोरांच्या परीक्षा, शेत, सासूबाई हे सगळं सांगू नकोस, चार दिवस ये. आलीस की मी आधी तुला विचारीन, काय खाशील? आणि 'काहीही चालेल' हे उत्तर इथे चालत नाही.